तुटण्याची लांबी

शरयूआत्यानं आयुष्यभर सूत तोडलं.
नोकरीच ती होती तिची, हजिऱ्याच्या मिलमध्ये,
टेस्टिंग खात्यात, उत्तरेच्या खिडकीपाशी :
दोन चिमट्यांत अर्धा मीटर धागा धरायचा,
ताणायचा,
तुटला की आकडा लिहायचा.
एका नमुन्याचे दोनशे धागे.
चांगलं सूतसुद्धा तोडावंच लागतं, ती सांगते,
नाहीतर चांगलं म्हणायचं कशावरून?

तिच्या वहीत एक रकाना आहे, तुटण्याची लांबी.
म्हणजे धागा वरून सोडत गेलं, सोडत गेलं,
तर किती किलोमीटरवर तो
स्वतःच्याच वजनानं तुटेल.
चाळीस नंबरी सूत : सोळा.
दमट हवेत सतरा.
पुढे हिरव्या शाईत शेरा, "बरं आहे."

मला पाच हजार हवेत.

मी तिला आकाशातल्या लिफ्टचं सांगते.
एक टोक विषुववृत्तावर, समुद्रात.
दुसरं छत्तीस हजार किलोमीटरच्याही पल्याड,
तिथे एक वजन,
पृथ्वीच्या गरगरण्यानं ताणून धरलेलं.
जाळ नाही, धूर नाही,
डबा आठवडाभर चढत राहील दोरावरून.
भाचे मंडळी विचारतात डब्याला खिडकी असेल का,
जेवण काय देतील.
आत्या विचारते, "अन् दोर कशाचा?"

पोलादाची तार : पन्नास.
गोळी अडवणाऱ्या जाकिटाचा धागा : अडीचशे.
कार्बनच्या नळ्या, केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक :
पाच हजार, कागदावर.
"कागद कोण ताणतंय," ती म्हणते
आणि शेंगा सोलत राहते.

आमची भट्टी कॉलेजच्या तळघरात आहे.
साडेसातशे अंशांवर नळ्या उगवतात गवतासारख्या,
आणि लाइट गेली की
वाढ तिथेच थांबते, मग पुन्हा पहिल्यापासून.
जगात कुणीतरी हातभर नळी वाढवली, तेव्हा
आम्ही पेढे वाटले, आमची नसूनही.
एक अणू जागेवर नसला
तरी तेवढ्या जागी बळ निम्मं.
हे मी तिला समजावायला गेले, तर म्हणाली,
धागा सरासरीवर तुटत नाही गं,
सर्वांत बारीक जागी तुटतो.

(मिल बंद झाली त्या वर्षी सूत उत्तम निघत होतं.
शेवटच्या पानावरही शेरा तोच, हिरवा.
तुटलं ते दुसरीकडेच कुठेतरी,
जिथे चिमटा लावायला कुणी बसलं नव्हतं.)

संध्याकाळी दौलतगंजच्या गच्चीवर
मी तिला दक्षिण दाखवते.
त्या दिशेला पाय करून ती कुणाला झोपू देत नाही.
पण गल्लीतल्या झाडून साऱ्या छत्र्या
तिकडेच तोंड वर करून बसल्यात,
मालिका पाहणाऱ्यांच्या, क्रिकेटवाल्यांच्या.
कारण त्या उंचीवर गेलेली वस्तू
जागची हलत नाही.
तिथून दोर सोडायचा, मी सांगते,
जेवढा खाली, तेवढाच तोल धरून वर.
आत्या बराच वेळ बघते.
रिकामं आकाश, एक घार, धुळीचा तांबूस थर.
"मग मधे जाड लागेल," ती म्हणते,
"वरचा, खालचा, सगळा भार तिथेच यायचा."
हे मी तिला सांगितलं नव्हतं.
मला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.

काल मी काचेच्या नळीत आमचा धागा आणला.
चश्म्यातून दिसेना, तेव्हा तिनं माळ्यावरून
सूत तपासायची जुनी काळी पाटी काढायला लावली,
धागा तिच्यावर धरला,
आणि बोट न लावता
दोन ठिकाणच्या गाठी दाखवल्या.
"किती?"
एकशे बारा. तीन वर्षांपूर्वी सत्तर होते.
वही उघडली, रकाना सापडला.
एकशे बारा, तिनं लिहिलं, हात थोडा कापला.
मी शेऱ्याची वाट बघत उभी.
"नमुने किती तोडलेस?"
अकरा.
तिनं वही मिटली.
"अकरावर मी शेरा देत नसते.
दोनशे तोड, मग ये.
आणि येताना हिरवी रिफील आण,
ही सुकलीय."